इतक्या लवकर एवढ्या मोठ्या दीर्घिका कशा घडल्या?

१. प्रश्न आणि एक साधा हिशेब

विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे असेल, तर सुरुवातीच्या शंभर-दीडशे कोटी वर्षांतच भल्यामोठ्या आणि आखीवरेखीव दीर्घिका तयार कशा झाल्या? २०२२ सालापासून जेम्स वेब दुर्बिणीची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून येऊ लागली, आणि खगोलशास्त्रात रस घेणारा सामान्य वाचक हा प्रश्न हटकून विचारू लागला. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: मग महास्फोटाचा सिद्धान्त चुकला का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. या प्रकरणात मांडायचे आहे ते असे : या दीर्घिकांनी विश्वाच्या जन्माची कथा मोडलेली नाही, पण दीर्घिका सावकाशच घडतात हा आपला समज मात्र मोडला आहे. त्या समजाला भक्कम पुरावा कधी नव्हताच, हे थोडा हिशेब केला की लक्षात येते.

दीर्घिका म्हणजे काय, हे आधी पाहू. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी हे गाव आहे. अशा गावाच्या शिवारात, दिव्यांपासून दूर, मे महिन्यातल्या अमावास्येच्या सुमारास मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे पाहावे. वृश्चिक आणि धनू राशींमधून वर चढत गेलेला एक पांढुरका पट्टा दिसतो. ही आपली आकाशगंगा. म्हणजे आपण जिच्या आत राहतो ती दीर्घिका. तारे, वायू, धूळ आणि न दिसणारे कृष्णद्रव्य गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधले गेले की दीर्घिका होते. आकाशगंगेची तबकडी सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे आणि तिच्यातल्या सगळ्या ताऱ्यांचे मिळून वस्तुमान सूर्याच्या जवळजवळ ५,००० कोटी पट आहे. आज तिच्यात दरवर्षी साधारण दोन सूर्यांइतक्या वस्तुमानाचे नवे तारे जन्मतात.

आता हिशेब करू. वर्षाला दोन सूर्य या दराने ५,००० कोटी सूर्यांइतके तारे तयार व्हायला २,५०० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वयच १,३८० कोटी वर्षे आहे. त्यामुळे आपली आकाशगंगा आजच्या दराने घडलेली असूच शकत नाही; कधीतरी तिच्यात तारे कितीतरी झपाट्याने जन्मले असले पाहिजेत. दूरच्या कोणत्याही दीर्घिकेकडे न पाहता, केवळ डोक्यावरच्या पट्ट्यावरून एवढे अनुमान निघते. तेव्हा वेगवान भूतकाळ होता की नव्हता, हा वाद उरत नाही. तो वेग किती होता, किती लवकर आला आणि कशामुळे आला, हे शोधायचे आहे.

२. दूर पाहणे म्हणजे मागे पाहणे

भूतकाळाचा शोध घ्यायला खगोलशास्त्रज्ञाजवळ एक साधन आहे, ते म्हणजे प्रकाशाचा मर्यादित वेग. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश आपल्याकडे यायला २५ लाख वर्षे लागतात. कार्तिक-मार्गशीर्षातल्या काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसणारा तिचा अंधूक ठिपका २५ लाख वर्षांपूर्वीचा असतो. जितके दूर पाहावे तितके जुने दिसते. मात्र प्रत्येक दीर्घिकेचे एकाच वेळचे दर्शन आपल्याला मिळते. एकच दीर्घिका लहानाची मोठी होताना पाहता येत नाही. म्हणून वेगवेगळ्या काळांतल्या हजारो दीर्घिकांची तुलना करून त्यांच्या वाढीचा क्रम लावावा लागतो.

अंतर कसे मोजतात? विश्व प्रसरण पावत आहे, आणि प्रकाश वाटेत असताना त्याची तरंगलांबीही त्याच प्रमाणात ताणली जाते. प्रकाश अशा रीतीने लाल टोकाकडे सरकतो, त्याला ताम्रसृती म्हणतात. ताम्रसृती चार असेल तर तरंगलांबी चार अधिक एक म्हणजे पाचपट होते, आणि प्रकाश निघाला तेव्हा दोन दूरच्या दीर्घिकांमधले अंतर आजच्या एक पंचमांश होते असे समजते. उदाहरण घेऊ. तप्त हायड्रोजन वायू ०.६५६ मायक्रॉन तरंगलांबीचा लाल प्रकाश सोडतो. ताम्रसृती ४.०५ असलेल्या दीर्घिकेतून तो आपल्यापर्यंत येईतो ५.०५ पट ताणला जातो आणि ३.३ मायक्रॉनचा होतो. हा अवरक्त प्रकाश झाला. तो डोळ्यांना दिसत नाही. हबल दुर्बीण साधारण १.७ मायक्रॉनपर्यंतच पाहू शकते. त्यामुळे इतक्या दूरच्या दीर्घिकेतून मूळचा अतिनील प्रकाशच तिच्या वाट्याला येई. तो मुख्यतः नवजात, तप्त ताऱ्यांचा असतो. जुन्या ताऱ्यांचा पिवळसर-तांबूस प्रकाश, ज्यावरून दीर्घिकेचे खरे वस्तुमान आणि खरा आकार कळतो, तो हबलच्या आवाक्याबाहेर राही. २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा ६.५ मीटरचा आहे आणि ती मुख्यतः अवरक्त प्रकाशात पाहते. २०२२ नंतर दूरच्या दीर्घिका एकाएकी मोठ्या आणि सुघड दिसू लागल्या, त्यामागचे पहिले कारण हे आहे. त्या आधीही तिथेच होत्या, पण त्यांचा ताऱ्यांनी भरलेला भाग आपल्याला दिसत नव्हता.

३. लहानातून मोठे

दीर्घिका घडतात कशा, याचे प्रचलित चित्र असे आहे. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व इतके थंड झाले की इलेक्ट्रॉन आणि केंद्रके जुळून अणू बनले आणि प्रकाश मोकळा झाला. तो प्रकाश आज सूक्ष्मतरंगांच्या रूपात सगळ्या दिशांनी येतो. त्याच्या तापमानात दिशेदिशेला साधारण एक लाखात एक भाग एवढाच फरक आढळतो. म्हणजे द्रव्य जवळजवळ एकसारखे पसरलेले होते. कुठे किंचित दाट, कुठे किंचित विरळ. दाट जागी गुरुत्वाकर्षण थोडे जास्त, म्हणून तिथे आणखी द्रव्य ओढले गेले आणि ती जागा अधिक दाट झाली. या कामात पुढाकार होता कृष्णद्रव्याचा. ते प्रकाश देत नाही, शोषत नाही. पण विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी सहा भागांतले पाच भाग त्याचेच आहेत. आधी त्याच्या लहान लहान राशी बनल्या, त्या एकमेकींत मिसळून मोठ्या झाल्या, आणि त्यांच्या मध्याकडे साधा वायू ओढला जाऊन थंड झाला. त्या वायूतून तारे जन्मले. ओढल्या जाणाऱ्या वायूत थोडी गिरकी असतेच. तो आत येऊ लागला की गिरकी वाढते आणि वायू चपट्या तबकडीत स्थिरावतो.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजायला आपल्या भागाचा नकाशा पुरेसा आहे. पावसाचे पाणी शेतातून ओघळात, ओघळातून ओढ्यात आणि ओढ्यातून दुधनेत येते. दुधना पूर्णेला मिळते आणि पूर्णा पुढे कंठेश्वरला गोदावरीत जाते. लहान प्रवाह आधी, मोठी नदी शेवटी. आणि कोणत्या बाजूने वाहायचे हे जमिनीच्या उताराने आधीच ठरवलेले. विश्वात उताराचे काम कृष्णद्रव्य करते आणि पाण्याच्या जागी वायू असतो. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की शास्त्रज्ञांना आश्चर्य का वाटले हे कळते. मोठ्या दीर्घिका शेवटी घडायच्या असतील, तर मृगाच्या पहिल्या सरीलाच गोदावरी दुथडी भरून वाहताना दिसावी, तसे हे झाले.

४. पुण्यात सापडलेली अलकनंदा

या आश्चर्याचे एक ठळक उदाहरण महाराष्ट्रातून पुढे आले. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. तिथल्या संशोधक राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या निरीक्षणांतून एक सर्पिल दीर्घिका शोधली. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा शोध जाहीर झाला. हिमालयातल्या नदीवरून त्यांनी तिला अलकनंदा हे नाव दिले. तिची ताम्रसृती सुमारे ४.०५ आहे. तिचा प्रकाश १,२०० कोटींहून अधिक वर्षे प्रवास करून आला आहे, आणि तो निघाला तेव्हा विश्वाचे वय जेमतेम १५० कोटी वर्षे होते. आकाशात ती अ‍ॅबेल २७४४ या दीर्घिकांच्या प्रचंड समूहाच्या दिशेला, पण त्याच्या पुष्कळ मागे आहे. त्या समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश वाकतो आणि एकवटतो. त्यामुळे अलकनंदा आहे त्याहून सुमारे दुप्पट तेजस्वी दिसते.

तिचे आकडे पाहण्यासारखे आहेत. व्यास सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे. ताऱ्यांचे एकूण वस्तुमान सुमारे १,००० कोटी सूर्यांइतके. दरवर्षी जन्मणारे तारे सुमारे ६० सूर्यांच्या वस्तुमानाचे, म्हणजे आजच्या आकाशगंगेच्या वीस-तीस पट. आकाशगंगेपेक्षा ती लहानच आहे, पण तिच्या काळाच्या मानाने वजनदार आहे. मध्ये तेजस्वी फुगवटा आणि त्याला वेढणाऱ्या दोन सममित, सुस्पष्ट भुजा असे तिचे रूप आहे. अशी रेखीव रचना विश्वाच्या त्या काळात सापडणार नाही, त्या वेळच्या दीर्घिका वेड्यावाकड्या आणि गाठाळ असतील, असा बहुतेकांचा अंदाज होता.

वस्तुमानाचा हिशेब करून पाहू. १,००० कोटी भागिले ६० म्हणजे सुमारे १७ कोटी वर्षे. अलकनंदा आज दिसते त्या दराने तारे बनवत राहिली असती, तर तिचे सगळे तारे १७ कोटी वर्षांत तयार झाले असते. तिच्याजवळ याच्या कितीतरी पट वेळ होता. तेव्हा वस्तुमान हे तिच्याबाबतीत कोडे ठरत नाही. खरा विचार करायला लावते ती तिची रचना. तबकडी स्थिर व्हायला आणि भुजा उमटायला तिने स्वतःभोवती काही फेऱ्या पूर्ण केलेल्या असाव्या लागतात. केंद्रापासून १०,००० प्रकाशवर्षांवरचा तारा सेकंदाला २०० किलोमीटर वेगाने फिरतो असे धरू. प्रकाशाचा वेग याच्या १,५०० पट आहे. फेरीची वाट सुमारे ६३,००० प्रकाशवर्षांची, म्हणून एका फेरीला साडेनऊ कोटी वर्षे लागतील. विश्वाच्या अगदी आरंभापासून मोजले तरी दीडशे कोटी वर्षांत सोळाच फेऱ्या होतात, आणि तबकडी तर आरंभापासून नव्हतीच. म्हणजे मोजक्या फेऱ्यांत तिने ही घडी बसवली. मोठे व्हायला कमी वेळ लागला एवढेच अलकनंदा सांगत नाही. सुव्यवस्थित व्हायलाही कमी वेळ लागला, असे ती सांगते.

५. वस्तुमानाची कमाल मर्यादा

अलकनंदेपेक्षा अवघड प्रकरण फेब्रुवारी २०२३ मध्ये समोर आले होते. इव्हो लाबे आणि सहकाऱ्यांनी महास्फोटानंतर अवघ्या ५० ते ७० कोटी वर्षांच्या काळातल्या सहा संभाव्य दीर्घिका जाहीर केल्या. त्यांतल्या एकीचे वस्तुमान १०,००० कोटी सूर्यांच्या घरात जाईल असा प्राथमिक अंदाज होता, म्हणजे आजच्या आकाशगंगेहूनही जास्त. ही बाब गंभीर का होती, ते समजण्यासाठी कमाल मर्यादेची कल्पना स्पष्ट हवी.

कृष्णद्रव्याची एक राशी सूर्याच्या एक लाख कोटी पट वस्तुमानाची आहे असे समजा. तिच्यातला साधा वायू एकूण वस्तुमानाच्या साधारण एक षष्ठांश, म्हणजे सुमारे १६,००० कोटी सूर्यांइतका असेल. त्या राशीत याहून जास्त तारे बनूच शकत नाहीत, कारण तारे साध्या वायूचेच बनतात. प्रत्यक्षात आपल्या आसपासच्या दीर्घिका यातला फार तर पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे ३,००० कोटी सूर्यांइतका वायू ताऱ्यांत बदलू शकल्या आहेत. उरलेला वायू ताऱ्यांच्या स्फोटांमुळे आणि कृष्णविवरांच्या ऊर्जेमुळे तापतो, उधळला जातो किंवा बाहेरच राहतो. आता सुरुवातीच्या विश्वात इतक्या मोठ्या राशी फारच दुर्मीळ असणार. तिथे १०,००० कोटी सूर्यांची दीर्घिका सहज सापडत असेल, तर उपलब्ध वायूचा जवळजवळ सगळा भाग ताऱ्यांत गेला असे मानावे लागते. वायूच्या साठ्यापेक्षा ताऱ्यांची बेरीज जास्त निघाली, तर मात्र मूळ सिद्धान्तच तपासावा लागेल. ही मर्यादा अशी काटेकोर आहे, म्हणूनच या दीर्घिका सिद्धान्ताची खरीखुरी परीक्षा घेतात.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप अंतराचा. या दीर्घिका खरेच एवढ्या दूर आहेत कशावरून? शंका योग्य आहे, कारण जवळची, धुळीने लालसर झालेली दीर्घिका कधी कधी दूरच्या दीर्घिकेसारखी भासते. यावर उपाय म्हणजे प्रकाश अनेक रंगपट्ट्यांत मोजणे. अलकनंदेची प्रतिमा २१ वेगवेगळ्या फिल्टरमधून घेतलेली आहे. धूळ प्रकाशाला हळूहळू लालसर करते, तर हायड्रोजनमुळे ठराविक तरंगलांबीला प्रकाश एकदम कापला जातो आणि ठराविक रेषा उजळतात. इतक्या फिल्टरांत दोन्हींतला फरक लपून राहू शकत नाही. त्याहून खात्रीचा मार्ग वर्णपटाचा आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या जेड्स-जीएस-झेड१४-० या दीर्घिकेचे अंतर वर्णपटानेच ठरले. तिचा प्रकाश महास्फोटानंतर सुमारे २९ कोटी वर्षांनी निघालेला आहे. पुढे तिच्यात प्राणवायूही आढळला. प्राणवायू ताऱ्यांच्या पोटात तयार होतो, म्हणजे तोवर ताऱ्यांची निदान एक पिढी जगून संपली होती. लवकर आणि वेगाने झालेल्या घडणीचा हा स्वतंत्र पुरावा आहे.

दुसरा आक्षेप वस्तुमानाचा, आणि तो बऱ्याच अंशी खरा ठरला. आपण मोजतो तो प्रकाश. त्यावरून वस्तुमान काढताना तो सगळा प्रकाश ताऱ्यांचा आहे असे गृहीत धरलेले असते. जेम्स वेबला सुरुवातीच्या विश्वात लहान, तांबड्या ठिपक्यांसारख्या असंख्य वस्तू दिसल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळांच्या मध्यभागी वायू गिळणारे कृष्णविवर आहे, आणि त्या तापलेल्या वायूचा प्रकाश ताऱ्यांच्या खात्यात जमा धरला गेला होता. लाबे यांच्या सहा दीर्घिकांपैकी एकीत असे कृष्णविवर असल्याचे पुढे दिसून आले. २०२४ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या कॅथरीन क्वोरोव्स्की आणि सहकाऱ्यांनी असे ठिपके वगळून मोजणी केली, तेव्हा उरलेल्या दीर्घिकांपैकी एकही वस्तुमानाची कमाल मर्यादा ओलांडत नव्हती. तरीही मोठ्या दीर्घिकांची संख्या अपेक्षेच्या सुमारे दुप्पट निघाली. हा निकाल नीट वाचला पाहिजे. सिद्धान्तावरचे संकट टळले, पण कोडे उरले. आणि उरलेले कोडे तारे बनण्याच्या वेगाचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे आणि मराठी वाचकाच्या मनात तो आदराने वसलेला आहे. कोल्हापुरात जन्मलेले आणि पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारणारे जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉयल यांच्याबरोबर स्थिर स्थिती सिद्धान्तावर, म्हणजे विश्वाला आरंभ नाही आणि ते सर्व काळी सारखेच असते या मतावर, काम केले. १९९३ मध्ये हॉयल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी त्याचे सुधारलेले रूप मांडले. बहुमत आहे म्हणून महास्फोट स्वीकारू नका, निरीक्षणांनी त्याची कसोटी घ्या, हा नारळीकरांचा आग्रह २०२५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत कायम होता. मग प्रौढ दिसणाऱ्या या दीर्घिका त्यांच्या बाजूने साक्ष देतात का? त्यांनीच आग्रह धरलेली कसोटी लावून पाहू. विश्व सर्व काळी सारखेच असेल, तर दूरच्या दीर्घिका सरासरीने जवळच्यांसारख्याच असायला हव्यात. तसे दिसत नाही. जेड्स-जीएस-झेड१४-० सुमारे १,६०० प्रकाशवर्षेच रुंद आहे. आकाशगंगा तिच्या साठपट. दूर जावे तशा दीर्घिका सरासरीने लहान, अधिक नवजात ताऱ्यांच्या आणि जड मूलद्रव्यांत गरीब होत जातात. अलकनंदेसारख्या रेखीव दीर्घिका तिथे आहेत, पण सर्वसामान्य नाहीत. काळानुसार होणारा बदल इतका स्पष्ट आहे की न बदलणारे विश्व या निरीक्षणांत बसत नाही. नारळीकरांचा निष्कर्ष बाजूला ठेवावा लागतो. त्यांची पद्धत मात्र इथे पुरेपूर उपयोगी पडली.

७. वेग आला कुठून

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. घडण वेगाने झाली, पण का? एक कारण साध्या गुणाकारातून मिळते. अलकनंदेच्या काळी विश्वातली अंतरे आजच्या ५.०५ पट कमी होती. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही तितक्या कमी, म्हणून घनता ५.०५ गुणिले ५.०५ गुणिले ५.०५, म्हणजे सुमारे १२९ पट जास्त. वायू स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने कोसळायला लागणारा वेळ घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. १२९ चे वर्गमूळ सुमारे ११. म्हणजे आज ज्या घडामोडीला ११० कोटी वर्षे लागतील, तिला तेव्हा सरासरीने १० कोटी वर्षे पुरत होती. आजच्या संथ दीर्घिकांचे माप त्या काळाला लावणे, ही आपली चूक होती. नदीच्या उदाहरणात सांगायचे तर तेव्हा पाणलोट आटोपशीर होता, उतार तीव्र होते आणि ओढे जवळजवळ होते. पाणी मोठ्या पात्रात पोहोचायला वेळ लागत नव्हता. संगणकावर केलेल्या सदृशीकरणांमध्येही त्या काळी थंड वायूचे अरुंद प्रवाह वाटेत न तापता थेट दीर्घिकेच्या मध्यापर्यंत शिरताना दिसतात.

दुसरे कारण लगामाच्या अभावाचे. आज तारे बनण्याचा वेग रोखून धरतात ते मुख्यतः अतिनवताऱ्यांचे स्फोट. पण जड ताऱ्यालाही जन्मल्यापासून स्फोट होईपर्यंत काही दशलक्ष वर्षे लागतात. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले अविशाय डेकेल आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये असे मांडले की सुरुवातीच्या विश्वातले वायूचे ढग इतके दाट होते की ते याहून कमी वेळात कोसळून तारे बनवत. पहिला स्फोट होईपर्यंत बरेचसे काम उरकलेले असे. तसे असेल तर वायूचा पाचवा हिस्साच ताऱ्यांत जातो हे आजचे प्रमाण तेव्हा ओलांडले जाऊ शकते, आणि कमाल मर्यादाही शाबूत राहते. तिसरी शक्यता अशी की ताऱ्यांचा जन्म तेव्हा एका लयीत न होता उमाळ्यांनी होत होता. उमाळा आलेली दीर्घिका काही काळ फार तेजस्वी होते आणि नेमकी तीच आपल्या नजरेत भरते. शांत असलेल्या तिच्या शेजारणी दिसतच नाहीत. या तिन्ही कारणांचे वाटे किती, हे अजून ठरायचे आहे. पण तिन्ही ओळखीच्या भौतिकशास्त्रातली आहेत. एकासाठीही महास्फोट नाकारण्याची गरज पडत नाही.

८. पुढे काय झाले

वेगाने घडलेल्या दीर्घिकांचे पुढचे आयुष्य हाही या युक्तिवादाचाच भाग आहे. वेग खरा असेल तर वायू लवकर संपला पाहिजे आणि काही दीर्घिका लवकर थंडावल्या पाहिजेत. दोन्ही गोष्टी दिसतात. महास्फोटानंतर सुमारे ७० कोटी वर्षांच्या काळातली, १,००० कोटी सूर्यांहून वजनदार आणि तारे बनवणे जवळजवळ थांबवलेली एक दीर्घिका २०२५ मध्ये जाहीर झाली. एवढ्या लवकर जी थांबली, ती त्याआधी किती झपाट्याने घडली असेल! सगळे विश्व मिळून पाहिले, तर ताऱ्यांचा जन्मदर सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी कळसाला पोहोचला आणि त्यानंतर उतरत आज जवळपास दहाव्या हिश्श्यावर आला आहे.

हा उतार का लागला, याचे उत्तर देण्यात पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा मोठा वाटा आहे. नारायणगावजवळ उभ्या असलेल्या तिच्या तीस अँटेना प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. ताम्रसृती एक असेल तर त्या ४२ सेंटिमीटरच्या होऊन येतात आणि जीएमआरटी त्या टिपते. इतक्या दुरून एकेका दीर्घिकेचा संकेत फार क्षीण असतो. म्हणून आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र मिळवून सरासरी काढली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा : सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या या दीर्घिकांमध्ये वायू भरपूर होता, पण तारे इतक्या झपाट्याने जन्मत होते की बाहेरून नवा वायू आला नसता तर तो साठा एक-दोनशे कोटी वर्षांत संपला असता. पुरवठा पुरेसा राहिला नाही आणि जन्मदर घसरला. सुरुवातीची घाई आणि नंतरची मंदी या दोन्हींचे मूळ वायूच्या आवक-जावकेत आहे.

दीर्घिकांच्या केंद्रातली अवाढव्य कृष्णविवरेही याच घाईची सोबती आहेत, आणि ती कशा बीजांपासून वाढली हे अजून उलगडायचे आहे. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग असलेल्या हिंगोलीत, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. तिच्या भुजा चार-चार किलोमीटरच्या असतील. ताऱ्यांपासून बनलेली कृष्णविवरे एकमेकांत मिसळताना उठणाऱ्या लहरी ती टिपेल, आणि लहान कृष्णविवरांतून मोठी कशी होतात यावर थेट पुरावा देईल.

शेवटी या युक्तिवादाची कसोटी कुठे लागेल तेही सांगितले पाहिजे. अलकनंदेतला वायू किती वेगाने आणि किती शिस्तीत फिरतो हे मोजणे ही पुढची पायरी आहे. वायू एकसारखा फिरत असेल, तर तबकडी खरोखर स्थिरावलेली आहे आणि तिच्या भुजा दीर्घकाळ टिकणाऱ्या असू शकतात. तो खळबळलेला निघाला, तर शेजारच्या एखाद्या दीर्घिकेच्या ओढीने भुजा तात्पुरत्या उमटल्या असण्याची शक्यता बळावेल. अशा आणखी किती दीर्घिका सापडतात हेही पाहावे लागेल, कारण एका उदाहरणावर नियम बांधता येत नाही. पण आज हाती असलेला पुरावा एकाच दिशेला बोट दाखवतो. दाट विश्वात गुरुत्वाकर्षणाला थोडा वेळ पुरला. आपली अपेक्षा आजच्या विरळ, वायू सरत आलेल्या विश्वावरून बांधलेली होती, म्हणून ‘इतक्या लवकर’ हे शब्द आपल्या तोंडी आले. त्या काळच्या घनतेने मोजले, तर या दीर्घिका वेळेवरच घडल्या.